सातशे चाळीस

गंगाखेड तहसीलच्या अभिलेख खोलीत
तीन नंबरच्या खिडकीमागं मी बसते.
कंत्राटी.
अकरा महिन्यांची, मग एक दिवस कोणाचीच नाही,
मग पुन्हा अकरा महिन्यांची.

काम एवढंच :
जुन्या खासऱ्याचं पान काचेवर पालथं घालायचं
आणि एक बटण दाबायचं.
बटणामागचा प्रोग्राम मीच लिहिलाय,
पाथरीच्या क्लासात जेवढं शिकले तेवढ्यावर.
तो दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारतो,
दुसरा स्कॅनरला उठवतो,
आणि उर्दूतलं एक शेत, बांधासकट,
पडद्यावर वरून खाली उतरत येतं.

मंगळवारी हाक मारली, तर कोणी उठेना.
रात्रीतून वरून काहीतरी नवं आलं होतं.
पडद्यावर नुसता आकडा : सातशे चाळीस.
मला आधी वाटलं, गट नंबर आहे.
कुठल्या शिवारातला, तेच शोधत होते मी
कितीतरी वेळ.

मग खालची बारीक ओळ वाचली :
या कामाला वरचा अधिकार लागतो.

म्हणजे माझ्या हातून जे निघतं
त्याला माझ्याएवढाच हात.
लेकरू आईचाच पास दाखवतं दारात,
दारातला माणूस तो उलटून बघतो
आणि परत देतो.

जळबामामा बाकावर तंबाखू मळत होते.
बावीस वर्षं कपाटाची चावी त्यांच्या करदोड्याला.
म्हणाले, “पोरी, चावी माझ्यापाशी हाय,
पण कुलूप सायबाचं हाय.
म्या चावी घिऊन हुबा राहतो नुसता.”

परभणीला फोन लावला. मुंजाजी सर मीटिंगमध्ये.
तीन वाजता त्यांचाच आला :
“पासवर्ड लिहून घ्या.
पण कुठं लिहून ठेवू नका.”

मी तळहातावर लिहिला.

बटण दाबलं. सगळा पडदा काळवंडला,
खिडकीत ढग यावा तसा,
मधे फक्त एक चौकट उजेडात :
या प्रोग्रामला तुमच्या संगणकात
बदल करू द्यायचे का?

तुमच्या.
चार वर्षांत पहिल्यांदा कोणी असं म्हणालं.
माझं बोट ‘हो’वर नुसतंच थांबलं,
बाहेर खिडकीशी माणसं खोकत होती.

स्कॅनर उठला.

टोम्पे बाई म्हणाल्या, रोज कोण विचारत बसंल?
तुझ्या प्रोग्राममधेच टाक की पासवर्ड, एका ओळीत.
तलाठ्याचा शिक्का नसतो का कोतवालाच्या पिशवीत?

टाकला.
चालला की. विचारलं नाही, अडवलं नाही,
सातशे चाळीस नाही, चौकट नाही,
धडाधड अठ्ठावीस पानं उतरली.
अठ्ठाविसाव्या पानाला मला तो एक दिवस आठवला,
अकरा महिन्यांनंतरचा.
त्या दिवशी या खुर्चीत कोण बसेल?
तोही हेच बटण दाबेल,
आणि माझी ओळ त्यालाही
काही न विचारता आत सोडेल.

ओळ पुसली.
टोम्पे बाई काही बोलल्या नाहीत,
चहाचा कप तेवढा माझ्यापासून जरा लांब ठेवला.

साडेपाचला नळावर हात धुतला.
सगळा गेला पासवर्ड,
एक आकडा राहिला आयुष्यरेषेत अडकून,
चार का नऊ, ओळखू येईना.
जळबामामांनी कपाट बंद केलं,
कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

उद्या पुन्हा विचारावं लागेल.