पेटी

सिव्हिल लाइन्सला, दौलतभाऊंच्या बंगल्यावर
सकाळी सव्वासहाला माझी पेटी उघडते.
मी नाही उघडत. शिपाई सहारे उघडतो.
कात्र्या मोजतो, कंगवे मोजतो,
तुरटीचा खडा नाकाशी धरतो,
वस्तऱ्यात नवं पातं त्याच्यासमोर घालायला लावतो.
"मामा, राग नका मानू."
नाही मानत. त्याच्या डाव्या हातावर
कोपरापासून मनगटापर्यंत टाक्यांची शिवण आहे.
उमरेडच्या सभेत एक जण हार घालायला आला होता,
हारात काय आहे, झेंडूलाही ठाऊक नव्हतं.
हा हात आधी पोचला, म्हणून भाऊंची मान आहे,
म्हणून माझी सकाळची बोहनी.

पहिले असं नव्हतं.
पहिले भाऊच यायचे इतवारीत, माझ्या दुकानात,
सायकल नालीच्या काठाला टेकवून.
दोन खुर्च्या, पारा उडालेला आरसा,
बाकावर अर्धा मोहल्ला.
गालावर फेस असलेला माणूस उठून पळत नाही,
हे लोकांना बरोबर समजलं होतं.
मोमीनपुऱ्याची शकीलाबी दारातूनच नळाचं सांगायची,
गोळीबार चौकातले विणकर सुताच्या भावाचं,
कोणी नुसतंच, "काहून भाऊ, वाळले दिसता?"
भाऊ फेसातून हुंकार भरायचे.
मी वस्तरा ज्या कागदाला पुसायचो
त्याच्याच कोरड्या कोपऱ्यावर ते नावं लिहून न्यायचे.
खिशात थोडा साबण, थोडी दाढी
आणि अख्खा वॉर्ड.

आता खोलीत फक्त पंखा बोलतो.
काच एवढी जाड, की बाहेरचा भारद्वाज
नुसती चोच उघडतो.
फाटकापलीकडे रांग असते, रजिस्टर असतं:
नाव, गाव, काम (एका ओळीत).
एका ओळीत मावलं असतं
तर ते इथवर कशाला आले असते, बाप्पा?
शकीलाबी थकली आता. मला म्हणते,
"नत्थूभाई, तू तर त्यांच्या गळ्यापर्यंत पोचतो."

पोचतो.
अंगठ्याखाली त्यांची नस उडते.
सहारे दोन हातांवर उभा,
त्याचे डोळे माझ्या मनगटावर.
माझ्या बंडीत चार चिठ्ठ्या.
पण गळ्यावर वस्तरा टेकवून मागितलं
तर ते मागणं राहत नाही.
म्हणून थांबतो. पातं मिटतो.
तुरटी फिरवतो, टॉवेल झटकतो,
तोंड उघडतो तोवर
फोन वाजलेला असतो, पोर्चमध्ये गाड्यांची दारं
एकामागून एक लागत जातात.

काल त्यांनी आरशातूनच विचारलं,
"दुकानात कोण कोण येतं रे आता?"
"सगळेच. खुर्ची तीच आहे तुमची. या एक दिवस."
भाऊंनी सहारेकडे पाहिलं.
एवढा मोठा माणूस, गालाला फेस,
शाळेतल्या पोराने मास्तरकडे पाहावं तसा.
सहारेने मान हलवली.
माशी हाकलावी, एवढीच.

निघताना फाटकाशी पुन्हा पेटी उघडली.
कात्र्या दोन. कंगवे तीन.
सहारे वर न बघता बोलला,
"मामा, चार वर्षं झाली.
साहेब शिंकले तर मला थेंब लागतो, इतक्या जवळ असतो.
कुहीकडे आमच्या गावच्या नाल्यावर पूल नाही.
पाणी चढलं की पोरीची शाळा बंद."
"मग सांग नं."
"ड्यूटीवर बोलता येत नाही."
"अन् ड्यूटी नसताना?"
"तेव्हा मला आत कोण सोडते?"

मग इकडेतिकडे पाहून
त्याने टोपीच्या घडीतून कागद काढला,
दुसऱ्याच्या पेटीत सापडला असता
तर ज्याच्यावर शिट्टी वाजवली असती, तसला,
तुरटीखाली सरकवला,
झाकण लावलं,
आणि साऱ्या बंगल्याला ऐकू जाईल असं ओरडला:
"तपासलं! जाऊ द्या!"