चौथा खंड

मांडवीच्या ग्रंथालयात मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत.
वर कुणी चाललं की खालच्याला त्याच्या तळव्यांची
धुरकट सावली सरकताना दिसते,
आणि लोखंड बारीक कुरकुरतं.

पहिल्या खंडात, पान एकसष्टवर, असाच एक मजला आहे.
जपानातल्या किल्ल्यात, पाय पडताच चिवचिवणाऱ्या फळ्या,
म्हणजे मारेकरी चोरपावलांनी
धन्याच्या अंथरुणापर्यंत पोचू नये.
ते वाचून मी मान वर केली.
वर कुणीतरी चप्पल घासत थांबलं होतं.
त्या संध्याकाळपासून हे पुस्तक माझं.

दिवसभर मी पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते.
लोक माझ्यावर ओरडतात, जसा काही नळ माझ्या माहेरून येतो.
साडेपाचला खिडकी बंद, स्कूटर,
न्यायमंदिराच्या कोपऱ्यावर खारे शेंगदाणे,
आणि सहाला मी बर्फात.
बाहेर मे महिना, डांबर चपलेला सोडत नाही,
आत एक बिनधन्याचा सामुराई
गवताचा झगा पांघरून घाट चढतोय,
तीन दिवसांचा उपाशी,
आणि दातकोरणं चघळतोय,
बघणाऱ्याला वाटावं, जेवून आलाय.

ते दातकोरणं मला फार आवडलं.
आमचे आजेसासरे, पागा मोडल्यावरही
रोज सकाळी घोडेस्वारीच्या बुटांना पॉलिश करायचे.
चाळीस वर्षं.

अनुवादकही वल्ली आहे.
सामुराईला मुजरा करायला लावतो,
त्याची बायको "अगंबाई" म्हणते,
आणि ऐन खलबतात एक सरदार शिंकतो
तर दुसरा म्हणतो, "बघा, सत्य आहे."
मला चालतं.
एवढ्या लांबच्या मुलखात
कुणीतरी ओळखीचं भेटायला नको का?

आणि समासात पेन्सिल.
'पुस्तकात काही लिहू नये' या शिक्क्याला न जुमानता
टोकदार, उभं अक्षर:
असं धरलं तर मनगट जाईल.
पाऊल आधी, हात मग. लेखक आखाड्यात गेलेला दिसत नाही.
पान दोनशे तीन: हा वार बरोबर.
शाबासकी मलाच मिळाल्यासारखी
मी तो परिच्छेद तीनदा वाचला.
तारखांच्या चिठ्ठीवर माझ्या आधी नेहमी तोच,
सभासद ४१७.

तिसऱ्या खंडात दोन जुने मित्र
नदीकाठच्या गवतात समोरासमोर उभे राहतात, रात्रभर.
तलवार कुणीच उपसत नाही.
उजाडतं, दोघे आपापल्या घरी जातात.
तिथे समासात एक शब्द नाही,
फक्त ठिपका. टोक टेकवून
कुणी बराच वेळ बसलं होतं असा.

मग चौथा खंड चार महिने बाहेर.
काउंटरवरचे जयेशभाई म्हणाले,
"बेन, दंड चढतोय त्यांच्यावर."
नाव विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.
दुसरा खंड पुन्हा काढला.
खिडकीवर हुज्जत घालणाऱ्या एकाला बोलून गेले,
"पाऊल आधी, हात मग."
तो गोंधळला, आणि चक्क सुटे पैसे दिले.

परवा आला.
शेवट मी आधी वाचत नाही,
पण शेवटचं कोरं पान बघायला हरकत नसावी.
तिथे तेच अक्षर, आता वाकडंतिकडं:
दंड भरला. शेवट पटला नाही. पुन्हा वाचला.
हात कापतो हल्ली, म्हणून असं.

बाकी अख्खा खंड कोरा. एक खूण नाही.
पान नऊवर सामुराई म्यानाला हात घालतो,
आणि बरोबर की चूक, सांगायला कुणी नाही.

मग मी उठले. वरच्या मजल्यावर,
दोन कपाटांमधल्या बोळात,
स्कूटरला अडकवायची माझी घडीची छत्री घेतली,
पदर खोचला,
पाऊल आधी
टाकलं.

काच कुरकुरली.
खाली कुणी वाचत असेल तर
त्याने आत्ता मान वर केली असेल.