भांग

मार्चअखेर संपून आठ दिवस झाले,
तरी माझं डोकं अजून जुळवणी करतंय.
झोपेत थकबाकीदारांची नावं येतात
आंब्याच्या पेट्यांसारखी एकावर एक रचलेली,
तळाची पेटी कोणी ओढायला लागलं
की मी दचकून उठते, पंख्याची पाती मोजते.
तीन. रोज तीनच.

विजयदुर्गच्या डॉक्टरांनी नाडी धरली.
म्हणाले, बीपी ठीक आहे. श्वास घ्या.
म्हटलं, घेतेच की.
म्हणाले, तसं नाही, घेताना तिथे असा.
मी फी दिली,
पावती तारखेप्रमाणे फाइलला लावली.

पतपेढीच्या मागच्या दारातून चार पायऱ्या उतरलं
की खाडी.
अठरा वर्षं मी तिच्याकडे पाठ करून बसते,
कारण वसुलीचं टेबल तसं मांडलेलं आहे.

त्या दुपारी धक्क्यावर शेवंता कोयंडे
पाय सोडून बसलेली. कोयती नाही, पाटी नाही.
तिचं खातं माझ्याकडे.
सतरा हजार चारशे, दोन हप्ते मागे.
कालवं काढायला गेली नाहीस? मी विचारलं,
आवाजात व्याज थोडं होतंच.

"आज भांग," ती म्हणाली.
"पाणी सुकणा नाय, खडपा उघडी पडणत नाय.
उगाच चिखल तुडवन काय करू?"

उधाणाचं सगळ्यांना ठाऊक.
उधाणात कोणाच्या कुंपणात पाणी शिरलं,
कोणाची होडी सुटली, सगळं लिहून ठेवतात.
पण अष्टमीच्या आसपास पाण्याचे असेही दिवस असतात,
ते फार चढत नाही, फार उतरत नाही,
आणि त्याचा कोणी पंचनामा करत नाही.

"बस गो बाय. आता थांबतला."
काय थांबतलं?
"पाणी."

माडाचं एक सोडण आत येत होतं,
अर्धं बुडालेलं, पाठीवर एक मुंगी घेऊन.
आलं, अजून आलं, हळू झालं,
आणि धक्क्याच्या तिसऱ्या खांबापाशी
उभं राहिलं.

मी बघत राहिले.
मध्येच एका कर्जाचा जामीनदार आठवला.
गेला.
मध्येच, गॅस बंद केला होता का?
केला असेल.
सोडण तिथेच.
शेवंताच्या तळहातावरचे कालवांचे वार
मोजायला लागले, सातावर सोडून दिले.
मुंगी या टोकाकडून त्या टोकाला गेली,
परत आली.
कुठूनतरी भाजलेल्या काजूचा वास,
तो आधीपासून येत असणार.

मग कोणी हात न लावता
सोडणानं कूस बदलली
आणि ते समुद्राकडे निघालं.

"झाला," शेवंता म्हणाली, पदर झटकून उठली.
जणू काही काम उरकलं होतं.

आता कॅलेंडरवर, सिलिंडरची तारीख टिपतो त्याच चौकोनात,
मी पेन्सिलीनं पाणी थांबायची वेळ लिहिते.
रोज पाऊण तास पुढे सरकते ती.
कधी जेवणाच्या सुट्टीत सापडते,
कधी पहाटे, दूध उतू जायच्या बेतात असताना.
कधी नेमके ऑडिटर समोर बसलेले असतात;
तेव्हा मी उठत नाही,
नुसतं पेनाला टोपण लावते.
आत्ता खाली थांबलं असेल.
ऑडिटर विचारतात, काय झालं?
म्हणते, काही नाही.
आणि खरंच तेवढा वेळ काही नसतं.

रात्री पेट्या अजून येतात.
कमी येतात असं म्हणवत नाही.
पंख्याला तीनच पाती.

अमावास्येच्या सुकतीनंतर शेवंता आली,
एका हप्त्याचे पैसे घेऊन. दुसरा बाकी.
नोटा दमट, खाऱ्या, कडेला चिखल.
मशीन त्यांना घेईना.
मी हातानं मोजल्या,
अंगठा ओला करून, एकेक,
आणि मोजताना तिथे होते.