दोन मिनिटं अकरा

म्यूझ नदीच्या काठी, नामूरच्या जरा वर,
रात्रपाळीच्या प्रयोगशाळेत ओदिल
सहाशे ग्रॅम पाणी मोजते, वीस अंशांचं,
त्यात दीडशे ग्रॅम चुना सोडते
आणि घड्याळाची कळ दाबते.

आपण त्याला कळीचा चुना म्हणतो.
तिच्या भाषेत म्हणतात, जिवंत चुना.
दोन्ही खरं:
पाणी लागलं की कळी फुलते
आणि फुलताना पोळते.

बाहेर भट्टी, रात्रंदिवस तोंड वर करून उभी.
वरून दगड घालायचा, खालून चुना काढायचा,
मधलं कुणी पाहिलेलं नाही,
काचेच्या झरोक्यातून नुसतं पिवळं दिसतं.
शंभर किलो चुनखडीचा छप्पन्न किलो चुना.
उरलेले चव्वेचाळीस धुराड्यातून निघून जातात,
हजेरीपटावर सही न करता.

तिचे वडील फिर्मां जुन्या भट्टीवर होते,
फावड्याच्या काळात.
म्हणायचे, चुन्यावरच्या माणसानं रडू नये,
पापणीत पूड असते.
धाकटा भाऊ कड्याखाली सापडला त्या दिवशी
ते चालत घरी आले, कोरडे,
स्वयंपाकघरात उभं राहून
लोण्याच्या बोटानं दोन्ही पापण्या पुसल्या,
सावकाश, पार कोपऱ्यापर्यंत,
मग खुर्चीत बसले.
मग.

एकेचाळीस अंश.

डोलोमाइटची खाण नदीपलीकडे.
तो सावध दगड, पाण्याला चटकन भुलत नाही.
गेंटच्या पोलाद कारखान्यात
उकळती मळी भांड्याचं अस्तर चरू लागते,
म्हणून तिला आधीच डोलोमाइट भरवतात:
पोट भरलेलं जनावर कुंपण खात नाही.
चुना मात्र तिथे लोखंडाचं गंधक अंगावर घेतो.
शरदात तोच बीटच्या रसात दूध होऊन उतरतो,
मळ कवटाळून तळाशी बसतो.
कॉफीत साखर ढवळणाऱ्याला
त्याचा पत्ता लागत नाही.

मी तिला सांगितलं,
आमच्याकडे चुना लावला म्हणजे फसवलं.
ती हसली नाही.
म्हणाली, बाबा दर वसंतात गोठ्याला लावायचे.
ओला असताना राखाडी, उदास दिसायचा,
मग भिंत हवेतून थोडं थोडं परत घ्यायची
धुराड्यातून गेलेलं,
आणि पुन्हा दगड व्हायची,
कागदाएवढा पातळ दगड.
नखानं खरवडून पाहायचे ते.
गाई केव्हाच विकल्या होत्या.

साठ.
दोन मिनिटं अकरा सेकंद.
ती वहीत आकडा लिहिते, भांडं विसळते.
पुढचा नमुना जास्त भाजला गेलाय,
बघूनच कळतं तिला.
हा वेळ घेईल, ती म्हणते,
आणि स्टूल ओढून बसते.