खरं

उद्यमबागेतल्या फौंड्रीची दुसरी पाळी सुटली
की मी माझा बाजार उघडते, स्क्रीनवर.
चाळीस दुकानं, दोनशे ठिपके
आणि नियम एकही नाही.
दुकानदाराला कळेल त्या भाषेत मागितलं
तर ठिपक्याला एक दाणा. एवढंच.

पहिल्या रात्री ते पाट्या वाचायला शिकले.
मी पाट्या बदलल्या.
दीडशे उपाशी मेले.
उरलेल्यांनी गल्ली धरली:
ह्या गल्लीत हे चालतं, त्या गल्लीत ते.
मी दुकानं हलवली.
पोरांना असं शिकवलं असतं
तर आईबाप भांडायला आले असते.

सातव्या रात्री सतरा नंबर
दुकानासमोर नुसता थांबला.
पुढचं गिऱ्हाईक बोललं. ह्यानं ऐकलं. मग बोलला.
दाणा.
पहाटेपर्यंत बाजारभर रांगा.

मी त्याच्या आत उतरून शोधलं.
'आधी ऐक' असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.
०.७३, उणे ०.०८, असले आकडे,
साच्यात पडायच्या आधीच्या लोखंडासारखे,
अजून कशाचाच आकार नसलेले.
इराण्णा म्हणाला, नियम झालाय की मॅडम.
झालाय, खरं...

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
नियम संपतो तिथं आम्ही खरं म्हणतो.

खरं, रिकाम्या दुकानापुढंही
सतरा थांबलाच.
पुढं कुणी नाही, आत दुकानदार आहे, दाणा आहे,
हा आपला कुणीतरी बोलायची वाट बघत
फिका होत चाललेला.
एक बटण दाबून वाचवता आलं असतं.
मी चहा ठेवायला उठले.

सकाळी शहापुरात, गंगव्वाच्या भेंडीपुढं
मी एकटीच गिऱ्हाईक.
उभी राहिले.
ती माझ्याकडं बघतेय, मी भेंडीकडं,
तराजू रिकामा हलतोय.
हे मला कुणी शिकवलं?
घरात कुणी सांगितल्याचं आठवत नाही,
शाळेत तर नाहीच.
बाबांचं बोट आठवतं,
प्रत्येक दुकानापुढं त्यांचं ते थांबणं.
मी त्यांना घुमे समजायचे.

मग दोघी एकदमच बोललो,
मी कन्नडात, ती मराठीत.
गंगव्वा हसली. अर्ध्या किलोवर
मूठभर जास्तीची टाकली.
"खरे," म्हणाली, "कोवळी नाही हं आज."

तो शब्द कुठल्या बाजूचा
ते मी विचारलं नाही.