शंभरावी

मी तयारी करून गेलो होतो:
हे एक पुस्तक नाही, पुस्तकांची पेटी आहे,
यात राजे आहेत, वंशावळी, विलाप,
तुरुंगातून धाडलेली पत्रं.
कुठून सुरुवात करायची ते मी सांगेन.

त्सेवेलनी खारट चहा पुढे केला.
"समुद्र वगळ," म्हणाल्या, "मी पाहिलेला नाही.
अंजीरही राहू दे.
मेंढ्या आहेत का यात?"

गोबीचा वारा तंबूच्या नमद्याला धडका देत होता.
मी ती गोष्ट वाचली,
शंभरातल्या हरवलेल्या एकीची.
त्यांनी मध्येच थांबवलं.
"आणि नव्व्याण्णव कोणाच्या भरवशावर?
लांडगे नाहीत का त्या मुलखात?"

सतरा वर्षं मी हे पवित्र शास्त्र वाचतोय.
हा प्रश्न मला पडला नव्हता.
मी उगाच पानं चाळत राहिलो.

मग त्याच बोलल्या, चुलीत गोवरी सारत:
गेल्या हिवाळ्यात चारशे अकरा गोठून मेली.
कारकून आला,
आकडा लिहून, चहा पिऊन गेला.
"मी मात्र एकेकीला हाका मारल्या.
बर्फात. उजाडेपर्यंत.
पोरं म्हणाली, म्हातारी खुळावली."

पुस्तक त्यांनी ओढून घेतलं,
न कळणाऱ्या ओळीवर बोट ठेवलं,
लोकरीचा एक धागा तोडून खुणेला घातला.

"हा मेंढपाळ खुळाच आहे," म्हणाल्या.
"उद्या ये. त्याचं पुढे काय झालं
ते वाच."

बाहेर कुत्री भुंकली.
त्या कंदील घेऊन उठल्या,
मोजायला गेल्या.