डब्यातली गाडी

योरिमने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
"जायचे दहा हजार, यायचे दहा,
आणि माशांच्या बादलीचं वेगळं तिकीट, तेही दहा.
रोजचे तीस. महिन्याच्या सव्वीस फेऱ्या.
सात लाख ऐंशी हजार रुपिया, सेल्फीनाबाई.
हप्ता तर तुम्ही भरताच आहात!
फक्त गाडी तेवढी बेमोवाल्याकडे आहे."

हसला. शर्टाला कंपनीचा बिल्ला.
शोरूममध्ये एसी होता, माझ्या अंगाला बांगड्यांचा वास.
मी खुर्चीच्या टोकावर बसले होते,
तिला लागू नये म्हणून.

आधी वीस लाख रोख, मग पस्तीस हप्ते.
घरी येऊन बर्फाच्या पावतीमागे गुणाकार केला,
ओक्ताविनाकडून तपासून घेतला.
सातवीत आहे ती, शून्यं मोजताना बोट टेकवते.
म्हणाली, "दीड गाडीचे पैसे होतात आई,
आणि येते एकच.
उरलेली अर्धी कोण चालवतं?"

मेल्कीने तोवर रंगही ठरवला होता. लाल.
मला मागे बसवणार, बादल्या दोन्ही बाजूंना बांधणार,
बाउनचा चढ दुसऱ्या गियरवर घेणार.
सतरा वर्षांच्या पोराला चढच दिसतो.

मग योरिम घर बघायला आला.
जमीन सिमेंटची का, मीटर कुणाच्या नावावर,
टीव्ही चालू करून दाखवा.
"नवरा?"
मलेशियात, पामच्या मळ्यात.
"पैसे पाठवतो?"
कधी कधी.
त्याने लिहिलं: पाठवतो.

कागदावर इतके रकाने,
मी शोधत होते वाऱ्याचा.
जानेवारीत पश्चिमेचा वारा सुटला की
ओएबाच्या वाळूवर होड्या पालथ्या पडतात,
पोटं वर करून, मेल्यासारख्या.
पंधरा दिवस, कधी महिना.
तेव्हा मी बेमोत चढत नाही,
आणि बेमोही माझ्या दारी येऊन
भाडं मागत नाही.
हे योरिमला सांगितलं.
तो म्हणाला, "तारीख पाच असते. दर महिन्याची."

म्हणून सही करायच्या आधी
मी बिस्किटाच्या डब्याला हप्ते सुरू केले.
निम्मेच, कारण बेमो अजून सुटली नव्हती.
सप्टेंबरचा वेळेवर.
ऑक्टोबरचा वेळेवर, कुपा चांगला लागला होता.
नोव्हेंबरचा नऊ तारखेला.
डिसेंबरचा नाताळच्या आदल्या दिवशी,
तोही तीस हजारांनी कमी.
जानेवारीत एकोणीस दिवस वारा,
आणि त्यातच नवऱ्याच्या चुलत पुतणीचं लग्न.
आमच्याकडून अर्धं डुक्कर ठरलेलं.
परदेशी गेलेल्या माणसाच्या बायकोने
अर्धं डुक्कर नाही दिलं, तर लोक काय म्हणतील
ते मला तोंडपाठ आहे.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला
मीच माझ्या दारात उभी राहिले
आणि गाडी ओढून नेली.
आरडाओरडा नाही. शेजारी जमले नाहीत.
मेल्की भिंतीकडे तोंड करून झोपला होता.
डब्यात उरलेल्या पैशांत
वीस किलो तांदूळ आला, आणि ओक्ताविनाच्या चपला.

आता मार्च. वारा पडलाय, धक्क्यावर गर्दी.
बेमोतला पोऱ्या माझी बादली पायाने आत ढकलतो,
गाणं इतकं मोठ्याने की
भाड्याची घासाघीस ओठांवरून समजून घ्यायची.
योरिमचा मेसेज येतो: महिनाअखेरपर्यंत
हेल्मेट फुकट.
मी उत्तर देत नाही. नाहीही म्हणत नाही.

डब्यात पुन्हा पन्नास हजार टाकलेत.
रात्री मेल्की उठतो, फळीवरचा डबा काढतो,
कानाशी धरून हलवतो.
मी झोपेचं सोंग घेते.
नोटा वाजत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.
तरी हलवतो.